मोठी माय, तिचा प्लेअर आणि नंबरांची गाणी

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सकाळी अकराच्या सुमारास गेलात, तर स्वयंपाकखोलीच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेल्या दिसतील. वय एकोणसाठ. हात चालू, ओठ हलताहेत, पण आवाज नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेली एक लहानशी कापडी पिशवी. पिशवीतून निघालेली वायर उजव्या कानात जाते. डावा कान मोकळा, कारण चुलीवरच्या पाण्याला आधण आलं की ते कानानेच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

या भिमाबाई हिवराळे. शाळेतल्या नव्वद पोरांची खिचडी गेली अकरा वर्षं त्या शिजवतात. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही सगळी भावंडं त्यांना मोठी माय म्हणतो आणि अहो-जाहो करत नाही, म्हणून पुढे मीही करणार नाही.

पिशवीत एक एमपीथ्री प्लेअर असतो. बोटभर लांब, पाच बटणं, एक बारका पेन्सिल सेल आणि नखाएवढा पडदा. पडद्यावर दोनच आकडे दिसतात. कितवं गाणं चालू आहे, आणि एकूण किती आहेत. तिचा मुलगा संघर्ष चाकणला कंपनीत लागला तेव्हा त्याने तो आणला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आमच्या घरात चार टीव्ही, दोन फ्रीज आणि मोजता येणार नाहीत इतके मोबाईल येऊन गेले. हा प्लेअर गेला नाही.

मी खामगावला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. सध्या सौर पंप बसवणाऱ्या कंपनीत सर्व्हिसचं काम करते. नांदुऱ्यापासून सोनाळ्यापर्यंतची गावं माझ्याकडे आहेत. घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू उघडण्याचा पहिला मान माझा. त्यामुळे मोठ्या मायच्या गळ्यातलं हे जुनं यंत्र बघून माझे हात शिवशिवायचे.

"मोठी माय, आता हे कोणी वापरते का व? फोनमंदी सारं जग हाये."

"मले जग नाई पाह्यजे. मले गाणं पाह्यजे."

तरी मागच्या वर्षी संघर्षने तिला चांगला मोठा फोन पाठवला आणि मी त्यात गाण्यांचं ॲप टाकून दिलं. तो प्रयोग चार दिवस टिकला. पहिल्या दिवशी ऐन अंतऱ्यात संघर्षचाच फोन आला. दुसऱ्या दिवशी दोन भीमगीतांच्या मध्ये एक बाई दात पांढरे कसे करावेत ते सांगू लागली. तिसऱ्या दिवशी गाणं संपल्यावर फोनने स्वतःच ठरवून वरातीतलं डीजेचं गाणं लावलं, आणि हेडमास्तर वर्गातून बाहेर आले. चौथ्या दिवशी हात पिठाचे होते म्हणून तिने कोपराने पडदा दाबला. संघर्षच्या सासूबाईंना अमरावतीत थेट व्हिडिओवर चूल, धूर आणि मोठ्या मायची हनुवटी दिसली. त्यांना वाटलं, घरात आग लागली.

"फोन त्याच्या मनानं गाते," मोठी माय मला म्हणाली. "हे माह्या मनानं गाते. बस."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं हट्टाचं बोलणं वाटलं. त्यामागे काय होतं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. वाचणाऱ्यांना मात्र आधीच सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

मोठी माय आमच्या गावच्या महिला गायन पार्टीची मुख्य गायिका आहे. आठ बायका. जयंती, लग्न, नामकरण, गृहप्रवेश, कुणी गेलं तर पुण्यानुमोदन, सगळीकडे त्यांना बोलावणं असतं. आठ जणींपैकी पाच जणींना लिहिता-वाचता येत नाही. मोठ्या मायलाही नाही. आकडे मात्र पक्के येतात. तराजूचे, एसटीच्या पाटीचे, कॅलेंडरचे. ही पार्टी बांधली हिंमतरावांनी. ते गावातले गीतकार, सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांनी गाणी तोंडानेच शिकवली आणि त्यातली नऊ स्वतःच्या आवाजात या प्लेअरमध्ये ठेवून गेले. बाकीची गाणी मोठी माय एकेक करून नांदुऱ्याला अजहरच्या मोबाईल दुकानातून भरून आणायची. कधी कॅसेटवरून, कधी कुणाच्या मेमरी कार्डावरून.

असं होता होता पडद्यावरचा दुसरा आकडा एकशेअठरा झाला. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी स्वतःची सोय केली. गाण्याला नाव नाही, नंबर. आठही जणी आळीपाळीने हाच प्लेअर घरी नेऊन गाणी शिकल्या, त्यामुळे आठही जणींच्या डोक्यात एकच यादी. कार्यक्रमात मोठी माय मान न वळवता फक्त आकडा बोलते, "सेहेचाळीस", आणि ढोलकीवरच्या सरस्वतीबाई सेहेचाळीसचा ठेका धरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या बायकांचं मन एक आहे. मन वगैरे वेगवेगळंच आहे, भांडतात रोज. यादी एक आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्लेअर बंद पडला.

मोठी माय सकाळीच माझ्या दारात. "पाय बरं व, काऊन बोलत नाई हा."

मी उघडला. सेल पाझरला होता, पट्टीवर हिरवा थर चढला होता. लिंबाचा रस, जुना ब्रश आणि सोल्डरचे दोन टाके, वीस मिनिटांचं काम. प्लेअर चालू झाला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. इथे मी थांबले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पण मी तो लॅपटॉपला लावून बघितला. आतला कारभार बघून मला कसंतरीच झालं. 'न्यू टू', 'ट्रॅक झिरो थ्री', 'फायनल फायनल', 'भिमाबाई अर्जंट'. लग्नाच्या गाण्यामागे पुण्यानुमोदनाचं, त्यामागे पाळणा. एकच गाणं दोन ठिकाणी. मी सगळं लॅपटॉपवर घेतलं, प्लेअर साफ केला आणि एक रविवार खर्च करून एकेक गाणं ऐकलं. नीट नावं दिली. विषयांचे गट केले आणि गटात अक्षरांच्या क्रमाने लावून पुन्हा प्लेअरमध्ये भरली. एक फाईल नुसत्या खरखरीने सुरू होत होती, ती पुढे न ऐकताच 'कचरा' असं नाव देऊन शेवटी टाकली. पुसलं काहीच नाही. एवढी अक्कल मात्र होती.

मोठ्या मायला मी काय केलं ते सांगितलं नाही. आपोआप कळेल आणि ती खूश होईल, असं वाटलं.

फेब्रुवारीत रमाई जयंतीला नांदुऱ्यात महिला गायन पार्ट्यांची स्पर्धा होती. दोन गाणी आपल्या पसंतीची आणि तिसरी फेरी फर्माइशीची. सूत्रसंचालक चिठ्ठी उचलून विषय सांगणार, पार्टीने मिनिटाभरात त्यावरचं गाणं धरायचं. आमच्या बायकांची ही हुकमी फेरी. मोठी माय रोज तांदूळ निवडताना यादीची उजळणी करायची. मनात आकडा धरायचा, बटण दाबत तिथवर जायचं, गाणं जुळलं की पुढचा.

मी त्या दिवसांत संग्रामपूरकडे पंपांच्या कामात होते. घरी आले की मोठी माय गप्प दिसायची. एकदा मी विचारलं, "प्लेअर बरा चालते ना?"

"चालते व. त्याले काय झालं?" ती म्हणाली. 'त्याले'वर जरा जोर होता. माझ्या लक्षात आला नाही.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना सरस्वतीबाई माझ्याकडे आल्या. या बाई ढोलकी वाजवतात आणि बोलतातही तशाच, दोन्ही हातांनी. त्या दिवशी मात्र हळू बोलत होत्या.

"समते, तुह्या मोठ्या मायले दवाखान्यात ने."

"काऊन? काय झालं?"

"डोक्यात काई तरी झालं तिच्या. काल विहारात सरावाले बसलो. ती म्हणे एकोणसाठ. आम्ही सातजणींनी लग्नाचं उचललं, आन् हे पाळणा म्हणून राह्यली! पुन्हा म्हणे बावीस. पुन्हा तेच. मी म्हटलं, भिमे, भांग पेली काय? तं हसली नाई. ती हसली नाई म्हणजे पाय."

"मंग?"

"मंग म्हणे, मी आता पुढं बसत नाई. सारिकाले बसवा. मले आठवत नाई आता." सरस्वतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. "तिच्या मायचं माहीत हाये ना तुले?"

मला माहीत होतं. मोठ्या मायची आई शेवटची तीन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. मोठी माय माहेरी जायची, तिचे केस विंचरायची, आणि ती विचारायची, "बाई, तू कोणाची?" ते ऐकून मोठी माय एसटीत बसून रडत परत यायची. आपल्यालाही तेच होणार, ही भीती तिने कधी बोलून दाखवली नव्हती, पण घरात सगळ्यांना माहीत होती. चष्मा सापडला नाही तरी ती पांढरी पडायची.

"पण काकू," मी विचारलं, "एकोणसाठ म्हणजे काय? कशाचा नंबर?"

सरस्वतीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं की रविवार म्हणजे काय. "प्लेअरचा व! आमची गाणी नंबरानं हायेत."

प्लेअरमध्ये एकोणसाठवर आता पाळणा होता. तो तिथे मीच ठेवला होता, कारण अक्षरांच्या क्रमाने तो तिथे येत होता.

मोठी माय तीन आठवडे रोज बटण दाबत होती, आणि यंत्र तिला रोज सांगत होतं की तुझं चुकतंय. यंत्र चुकलं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. ते घरच्या इंजिनिअरने दुरुस्त केलेलं होतं. तिने स्वतःला खोटं ठरवलं, यंत्राचे नंबर नव्याने पाठ करायला घेतले, आणि जुनी यादी डोक्यात धरून बसलेल्या सातजणींसमोर तोंडघशी पडली.

मी तशीच शाळेत गेले. जेवणाची सुट्टी संपली होती. मोठी माय पातेली घासत होती. गळ्यात पिशवी होती, पण कानात वायर नव्हती.

"मोठी माय, चूक माही हाये. मी गाणी इकडची तिकडं केली. नंबर मी बदलले. तुह्या डोक्याले काई झालं नाई."

ती राखेचा हात पातेल्यावर फिरवत राहिली. "सरस्वतीनं पाठवलं तुले?"

"अवं खरंच सांगून राह्यली."

"मन राखून राह्यली तू माहं. लहानपणी तुह्या पाटीवरचं काई समजे नाई तरी मी म्हणो, वा वा, किती सुंदर. तसंच हे." तिने पातेलं पालथं घातलं. "मशीन कशी चुकन समते? माणूस चुकते. माह्या मायचंबी असंच सुरू झालं. आधी नावं गेली, मंग माणसं."

मी पुष्कळ समजावलं. या जुन्या प्लेअरमध्ये गाणी नावाप्रमाणे लागत नाहीत, ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने लागतात; मी सगळी काढून पुन्हा भरली, म्हणून क्रम मोडला. बोलताना मलाच जाणवलं की हे तिला ऐकूही येत नाहीये. तिला कारण नको होतं. तिला स्वतःचं डोकं परत हवं होतं, आणि ते माझ्या सांगण्याने मिळणार नव्हतं.

बरं, मी क्रम लगेच पूर्ववत करून दाखवावा, तर तेही जमेना. घरी लॅपटॉप उघडून मी फाइलींच्या तारखा बघितल्या. अजहरच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ बंद होतं, त्यामुळे एकशेअठराच्या एकशेअठरा गाण्यांवर एकच तारीख होती, एक जानेवारी दोन हजार दोन. प्लेअरचा जन्मही त्यानंतरचा. अजहरला फोन केला.

"क्रम?" तो हसला. "समता दीदी, मला काल काय भरलं ते सांगता येत नाही. भिमा मौसीलाच विचारा ना. त्या येऊन मला सांगायच्या, अजहर, तू बहात्तरवं भरलं ते अर्ध्यात कटते. मी बघायचो, खरंच कटायचं."

मौसीलाच विचारा. ते वाक्य ऐकून मी फोन ठेवला. क्रमाची एकच प्रत शिल्लक होती, आणि ती जिच्याकडे होती तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. बाकी सातजणींना कामापुरती साठ-सत्तर गाणी येत होती; अख्खी यादी फक्त तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन शाळेच्या स्वयंपाकखोलीत बसले. सरस्वतीबाईंना आणि सारिकाला सोबत नेलं. सारिका पार्टीतली सगळ्यात लहान, चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली. तिलाच आता पुढे बसायला सांगितलं होतं आणि ती घाबरून अर्धी झाली होती.

"मोठी माय, मले समजवायचं नाई काई," मी म्हटलं. "मले तुही मदत पाह्यजे. माह्या हातून यादी मोडली. तू नंबर म्हण, गाण्याची पहिली ओळ म्हण. मी ते शोधून भरते. चुकलं तं चुकलं."

"मले नाई येत व आता."

"एक नंबर काय होतं?" सारिकाने हळूच विचारलं.

मोठी माय चिडली. "एक नंबर कोणाले येत नाई? 'पाटी घेऊन निघाली लेक, उंबरा झाला मागं.' हिंमतरावाचं. संघर्षनं प्लेअर आणला त्याच दिवशी भरलं."

"दोन?"

"'विहिरीले कोणी विचारा, तहान कोणाची मोठी.' ते आपण सोनाळ्याच्या लग्नात म्हटलं. नवरदेवाचा मामा रडला."

"तीन?"

पंधरापर्यंत ती कुरकुरत सांगत होती. विसानंतर कुरकुर थांबली. मी एकेक गाणं शोधायचे, दोन ओळी वाजवायचे, ती "हाव, हेच" म्हणायची, मी ते लॅपटॉपवर त्या नंबराला लावायचे. प्रत्येक नंबराला काहीतरी चिकटलेलं होतं. तेहेतीस भरलं त्या वर्षी तिची गाय व्याली. चाळीस सरस्वतीबाईंच्या मुलाच्या हळदीचं, "ज्यात हिनं ढोलकी इतकी पिटली का पान फाटलं." जे गाणं मला दोनदा आलंय असं वाटलं होतं, ते एकतीसवर लग्नासाठी जलद होतं आणि सत्त्याहत्तरवर पुण्यानुमोदनासाठी संथ.

"एकच गाणं हाये ना?" मी म्हटलं.

"माणूस जनमते आन् माणूस मरते, एकच गोष्ट हाये काय?" मोठी माय म्हणाली. सरस्वतीबाई फस्सकन हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठी मायही हसली.

पहिल्या दुपारी बावन्न झाली. दुसऱ्या दुपारी त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. मग ती थांबली.

"शहाऐंशी?"

तिने मान हलवली.

"राहू दे, सत्याऐंशी घे," सारिका म्हणाली.

"नाई, थांब." मोठ्या मायने डोळे मिटले. बोटं मांडीवर हलत होती, बटण दाबल्यासारखी. तिने डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. "नाई व. तठी काईच नाई. पंच्याऐंशीनंतर मले सत्याऐंशीच दिसते. पाय, भोक पडलं. म्हटलं होतं ना तुले."

सरस्वतीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिला म्हटलं, एकाने काय होते, पुढचं सांग. ती सांगत गेली, पण आवाजातली धार गेली होती. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, शंभर. एकही चूक नाही, आणि तरी दर गाण्यागणिक ती शहाऐंशीकडेच मागे वळून बघत होती. एकशेअठरा झालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

मी लॅपटॉपवर नजर टाकली. एकशेसतरा गाणी आपापल्या जागी बसली होती. एकच फाईल उरली होती. जिला मी 'कचरा' म्हटलं होतं ती.

मी ती लावली. आधी खरखर. मग कपबशीचा आवाज, मोटरसायकल. आणि मग तरुण, घाईतला, ओळखीचा आवाज: "हॅलो, हॅलो... चालू है क्या ये? अब्बा, चायवाले को बोलो ना, शक्कर कम डाल. हॅलो..."

मोठ्या मायने कपाळावर हात मारला.

"हेच! हेच ते शहाऐंशी! अवं ते गाणंच नाई! त्या अजहरनं माईक पाह्यला आन् तेच भरून देलं. दहा वर्षं झाले, मी पंच्याऐंशी झालं का दोनदा दाबते. दोनदा! म्हणून मले दिसे नाई!"

सरस्वतीबाई हसता हसता तांदळाच्या पोत्यावर आडव्या झाल्या. सारिका म्हणाली, "आत्या, तुमच्या डोक्यात चहाबी नंबरावर हाये." मोठी माय हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि मधूनच पुन्हा म्हणत होती, "दोनदा दाबते मी." आता तिला कुणी काही पटवून द्यायची गरज नव्हती. जे आठवलं नाही, ते आठवण्यासारखं काही नव्हतंच, हे तिच्या बोटांना तिच्याआधी माहीत होतं.

"मंग शहाऐंशीवर काय ठेवू?" मी विचारलं. "काढून टाकू का हे?"

"खबरदार! पुढचे सारे नंबर सरकतीन. अजहरले राहू दे तठीच. शहाणपणा करू नको आता तू."

मी केला नाही. प्लेअर रिकामा करून एकशेअठरा फाइली होत्या त्या क्रमाने भरल्या आणि प्लेअर पिशवीत ठेवला. त्या संध्याकाळी विहारात सराव झाला. मोठी माय पुढे बसली. तिने आकडा टाकला, सातजणींनी उचललं. मी पायरीवर बसून ऐकलं आणि पहिल्यांदा मला कळलं की मी जे यंत्र दुरुस्त केलं, त्याचा अर्धा भाग या बायकांच्या डोक्यात आहे, आणि तो मी न विचारताच उघडला होता. कामावर कुणाच्या शेतातला पंप बघायला गेले की आता मी आधी विचारते, तुम्ही हा चालवता कसा? मग पाना काढते.

स्पर्धा रविवारी दुपारी झाली. सतरा पार्ट्या होत्या, मंडप भरलेला. आमच्या पाळीला सूत्रसंचालकाने चिठ्ठी उचलली. विषय निघाला शिक्षण. मोठ्या मायने श्वासही घेतला नाही. "एक," ती म्हणाली. लेक पाटी घेऊन निघाली, ढोलकी तिच्यामागे निघाली, आणि तिसऱ्या कडव्याला मंडपातल्या बायका टाळीत आल्या.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला मलकापूरच्या पार्टीचा. त्यांना चिठ्ठी निघाली 'लेकीची नोकरी', आणि त्यांच्याकडे त्यावर खणखणीत गाणं तयार होतं.

परतीच्या ऑटोत आम्ही नऊ बायका, ढोलकी, हार्मोनियम आणि बक्षिसाची ढाल. ड्रायव्हरने स्पीकर मोठ्याने लावला होता.

"सरस्वते, तू तिसऱ्या कडव्यात पळाली," मोठी माय म्हणाली. "रेल्वे पकडायची होती काय?"

"टाळ्याच पडून राह्यल्या होत्या व, मी काय करू!"

"टाळ्या पडल्या का आपण बसून राहा लागते. आन् सारिके, वरचा सूर भीत भीत घेतला. कोणाले भेते तू?"

"तुमाले," सारिका म्हणाली, आणि ऑटो हसला.

थोडा वेळ मोठी माय बाहेर बघत राहिली. तुरी कापलेली रानं, मधेच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. मला वाटलं, पहिला नंबर गेल्याचं मनाला लागलं असेल.

"त्या मलकापूरवालीजवळ लेकीच्या नोकरीचं गाणं हाये," ती म्हणाली. "आपल्या एकशेअठरात नाई. इतक्या पोरी कामाले लागल्या आन् आपल्याजवळ एकबी गाणं नाई. करा लागन."

"कोण करन? हिंमतराव तं गेले," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"मी काय मेली काय?" मोठी माय सरसावून बसली. "सारिके, फोन काढ, लिही. समते, तू मंग भरजो. एकशेएकोणीसवर. मधात कुठी नाई, शेवटी. समजलं?"

"समजलं."

तिने डोळे मिटले, ओठ हलवले, एक ओळ मनात फिरवून बघितली आणि मोडली. दुसरी फिरवली. सारिका अंगठे तयार ठेवून बसली होती. सरस्वतीबाईंनी ढालीच्या खोक्यावर हळूच ठेका धरला. पुढे बसलेल्या ड्रायव्हरने आरशात मागे पाहिलं आणि आपला स्पीकर बंद केला.